टेबल कोणाच्या उंचीचं?

सोमवार, ता. ४

चि. रंध्या यास अक्काचे आशीर्वाद. आज थोडेच पाठवते आहे, कारण रागच जास्त आहे.

हे काय माझ्या गळ्यात मारलंस? काल टेम्पोवाल्यानं खोकं उतरवलं तेव्हा विचारत होता की बाई, आत इंजिन आहे का. तो आणि त्याचा हमाल, दोघांना शेडपर्यंत आणता आणता घाम फुटला. मी तुला लिहिलं काय होतं आणि तू पाठवलंस काय? मी चौथी नापास असेन, पण माझं अक्षर लागतं. लागलं नाही असं म्हणू नकोस.

मी लिहिलं होतं, छोटा राउटर पाहिजे. एका हातानं उचलता येईल असा, पाव इंची बिटांचा, वेग कमीजास्त करता येणारा. माझं काम ते काय? घड्याळांचे डबे, पेन्सिलीच्या पेट्या, फोटोच्या चौकटी. कडेला गोलाई द्यायची, झाकण बसायला आतून खाच पाडायची, तळ सरकवायला खोबण करायची, संपलं. टेबल कशाला पाहिजे तेही लिहिलं होतं. हातात धरून कडा कापायचा ट्रिमर मोठ्या फळीवर छान चालतो, पण माझ्या झाकणावर त्याचा तळ पुरता बसत नाही, तो कलंडतो. मागे असाच कलंडला, झाकण उडून भिंतीला आपटलं आणि माझ्या नखाची कड गेली. म्हणून म्हटलं की मशीन टेबलाखाली उलटी बसू दे, तुकडा मी वरून फिरवीन. हे मी दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. इथल्या बाजारात राउटर मागितला तर दुकानदारानं शिंगं असलेला पांढरा डबा पुढे केला आणि म्हणाला की याच्यानं घरभर इंटरनेट येईल. म्हणून तुला लिहिलं. तू यंत्रांच्या दुकानात आयुष्य काढलंस, भाऊ आहेस, माझं काम तुला ठाऊक आहे असं वाटलं.

तर आता तुझं टेबल. मी त्याच्यापुढे उभी राहिले तर ते माझ्या बरगड्यांना लागतं. हात टेकवले की खांदे कानाशी येतात. एवढासा तुकडा फिरत्या बिटवरून न्यायचा म्हणजे वरून हलका दाब पाहिजे. या उंचीवर मी दाब देणार कुठून, हनुवटीनं? आणि मी तुला सुतळी पाठवली होती. जमिनीपासून जिथं मला टेबल हवं तिथपर्यंत. दोन्ही टोकांना गाठी, गाठींना लाल ऑइलपेंट. आंधळ्यालाही कळावं म्हणून. ती सुतळी गेली कुठं?

आणि ती बिट. पातं बशीएवढं! मी ती उघडली आणि परत झाकून ठेवली. माझ्या डब्यावर ती लावली तर डबा उरणार नाही, भुसा उरेल.

बाकी ठीक. भेटवस्तूंच्या दुकानाची झाकणं अडली आहेत, तो रोज माणूस पाठवतो. माझी लेक, शिडी, बरी आहे. तुमच्या घरून तिच्या मामीची सेवा करून आली तेव्हापासून जरा गप्प असते, पॉलिश पेपर मारते आणि खिडकीकडे बघते. मामीचा पाय आता कसा आहे? तिला म्हणावं जिना बघून उतरत जा.

काय ते नीट लिही. फोन करू नकोस. फोनवर तू रंधा मारतोस, म्हणून तर बाबांनी तुझं हे नाव पाडलं. कागदावर लिहिलेलं माझ्यापुढे राहतं.

राग आहे तोवर समज की लोभही आहे.

तुझी अक्का

---

रविवार, ता. १०

ती. अक्कास धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पाकीट पोस्टमननं लांबूनच दिलं, चटका बसत असावा. मामी म्हणाली की आधी पाणी पिऊन घ्या, मग उघडा. मी ऐकलं नाही, चूक झाली.

अक्का, तू चिडलीस ते बरोबर, पण जरा माझं ऐक. छोटी मशीन टेबलाखाली दिवसभर उलटी लटकली की तापते, आणि भुसा नेमका तिच्या तोंडात पडतो. वर्षभरात तिचा आवाज बसला असता आणि तू मला शिव्या घातल्या असत्यास. जड मशीन थरथरत नाही. लहान तुकड्याला थरथर चालत नाही, हे तुला मी काय सांगू. पाव इंची बिटा तिला चालतात, पितळेची एक छोटी नळी दिली आहे, ती आत सरकवून बिट घालायची. वेगाचा खटकाही आहे. घेताना माणसानं पुढचाही विचार करावा म्हणून एकदाच मोठी घेतली.

उंचीचं म्हणशील तर सुतळी पाकिटात नव्हतीच. वाटेत पडली असेल. तू पत्रात चार वीत लिहिलं होतंस, मी माझ्या वितीनं मोजलं. माझा पंजा तुला माहीत आहे, लहानपणी तूच त्याला फावडं म्हणायचीस. तेवढा फरक पडणारच. सध्या पायाखाली एखादी जाड फळी घे, चालून जाईल.

मोठी बिट दुकानदारानं वर फुकट टाकली. मला परत करायला लाज वाटली. असू दे पडून, काय खायला मागते का?

मामीचा पाय बरा आहे. इथे बाकी सगळं सुरळीत. माझी पाठ अधूनमधून धरते, पण तुझ्या पत्राएवढी नाही. जुळणी करताना तू एकटी करू नकोस, शिडीला सांग, ती देईल बसवून.

थोरल्या बहिणीनं रागावावं आणि धाकट्यानं सोसावं, हे असंच चालू राहो.

तुझा रंध्या

---

शुक्रवार, ता. १५

चि. रंध्या यास.

आशीर्वाद लिहायला घेतले होते, पेन थांबलं. पुढचं वाच म्हणजे कळेल का ते.

तुझ्या पत्रानं मी निम्मी शांत झाले होते. मशीन तापते, थरथर, पितळेची नळी, सगळं पटलं. मला वाटलं, बिचाऱ्यानं चांगलंच बघितलं आणि मी उगाच तोंड टाकलं. वितीचंही मी हसण्यावारी नेलं. दुकानदारानं बिट फुकट टाकली हे मात्र तेव्हाही घशाखाली उतरलं नव्हतं. यंत्रांच्या बाजारात मला अजून कुणी स्क्रू फुकट दिलेला नाही.

मग बुधवारी जुळणीला बसले. तुकडा जिला टेकवून सरकवायचा ती लांब पट्टी अजून गुंडाळलेलीच होती. वरचा कागद फाडला. आत दोन पट्ट्या एकत्र बांधलेल्या. सुतळीनं. दोन्ही टोकांना गाठी आणि गाठींना लाल ऑइलपेंट.

आता सांग, सुतळी वाटेत पडली होती ना? चालत चालत तुझ्या दुकानात आली आणि पट्टीला बांधून बसली? रंध्या, खोटं बोलायचं तर निदान घरचा पुरावा घरच्याला पार्सल करू नये. मी ती सोडली, टेबलाच्या पायाला लावून बघितली. माझी गाठ कुठल्या कुठे खाली राहिली. म्हणजे माझं माप तुझ्या हातात होतं. ते तू बघितलंस, बाजूला ठेवलंस आणि दुसऱ्या कुणाच्या मापानं टेबल केलंस. चुकून झालेलं मी पोटात घालते. हे चुकून नाही.

मला पहिल्यांदा तुझाच संशय आला. वाटलं, याची पाठ दुखते, दुकान सोडून हाच माझ्या शेडमध्ये येऊन बसणार. पण तू एवढा उंच नाहीस. मग मी शिडीला हाक मारली आणि सांगितलं की तू लिहिलं आहेस, तिनं जुळवून द्यावं. ती आली, टेबलापुढे उभी राहिली. न वाकता. कोपर अगदी जिथं असावं तिथं. तेवढंच असतं तर मी गप्प बसले असते, उंच मुलगी आहे, उंच टेबल, असतो योगायोग. पण तिनं पट्टी बसवली, बिट घातली, आणि हात खाली घालून डाव्या पायाच्या आतल्या बाजूचं बटण दाबलं. खाली न बघता. मला ते बटण शोधायला गुडघे टेकावे लागले होते. तिचा हात सरळ तिथं गेला, घरातल्या दिव्याच्या बटणावर जातो तसा.

मशीन सुरू झाली. मी तिला विचारलं की या टेबलापुढे तू आधी कधी उभी होतीस. तिनं मशीन बंद केली, हात पुसले आणि म्हणाली की मामाला विचार. मी पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली. तेव्हापासून आमच्या घरात फक्त भांडी बोलतात.

म्हणजे मामीचा पाय. मामीचा पाय मुरगळला म्हणून मी माझं अडलेलं काम ठेवून पोरीला पाठवली. बरोबर मामीसाठी जिऱ्याची पुडी दिली, मालिशचं तेल दिलं. तिच्या पायाला काही झालं होतं का रे? की तीही या नाटकात होती? तेलाचं काय केलंत, बेअरिंगला घातलंत?

मी कमी शिकले, म्हणून सगळे मला गुंडाळतात हे मला नवीन नाही. दुकानदार गुंडाळतो, फळीवाला गुंडाळतो, ओली फळी सुकी म्हणून देतो. त्यांच्यासाठी माझे डोळे उघडे असतात. घरच्यांसाठी मी ते मिटून ठेवले होते. तुम्ही त्याच डोळ्यांत भुसा फेकलात.

आता एकही विनोद न करता लिही. कोणी काय ठरवलं आणि माझ्यापासून का लपवलं.

अक्का

---

बुधवार, ता. २०

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

विनोद करत नाही.

मामीचा पाय धडधाकट होता. तेल अजून तसंच आहे, तिनं बाटली उघडलीसुद्धा नाही, तिला लाज वाटली. तिला दोष देऊ नकोस, ती पहिल्यापासून म्हणत होती की अक्कांना सांगा.

शिडीनंच मला पत्र लिहिलं होतं. तिला राउटरचं काम शिकायचं होतं. तुला तिनं तीनदा विचारलं, तू तिन्ही वेळा म्हणालीस की तुझे हात पॉलिशचेच बरे. मग ती इकडे आली. मी तिला माझ्या दुकानामागच्या टेबलावर शिकवलं. अक्का, मी बऱ्याच जणांना शिकवलं आहे, इतक्या लवकर कुणाचा हात बसलेला बघितला नाही. मशीनला ती घाबरत नाही आणि मशीनशी मस्तीही करत नाही. तुझ्याकडे पाठवलेलं टेबल तेच आहे, तिच्या मापानं केलेलं. मशीन मी नवी घातली, आणि मोठी बिट मी विकत घेतली, ती कपाटांच्या दारांच्या, म्हणजे शटरच्या, फळीवर उतार काढायची आहे.

तुमच्या गावचा इमारतीवाला कंत्राटदार तिला स्वयंपाकघरांच्या शटरचं काम द्यायला तयार आहे. सतत चालणारं काम आहे. तुझी शेड त्याला चालेल की नाही ते बघायला तो ता. ३० ला, शनिवारी सकाळी येणार. त्याला हो म्हणायचं की नाही हे तुझ्या हातात आहे, शेड तुझी आहे. तू नाही म्हणालीस तर शिडी शटरच्या कारखान्यात जाईल, लांब, तिथं राहूनच काम. त्यांनी तिला बोलावलं आहे. हे तिनं तुला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो.

टेबल तुझ्या उंचीचं का नाही ते विचारलंस. तू रागावशील तरी लिहितो. शिडी इथे असतानाच तुझं पत्र आलं. ट्रिमर कलंडला, नखाची कड गेली, ते वाचून आमच्या जिवाचं पाणी झालं. आज नख गेलं, उद्या बोट जाईल. अक्कानं आता फिरत्या मशीनपुढे उभं राहू नये, असं शिडीचं आणि माझं, आमच्या दोघांचं मत पडलं. मशीनचं काम शिडी करील. तुझ्या डब्यांच्या खाचासुद्धा तीच पाडून देईल. तू जोडणी कर, आत मखमल लाव, पॉलिश कर, गिऱ्हाईक बघ. मशीन पोचल्यावर हळूहळू तुझ्या गळी उतरवू असं वाटलं होतं. सुतळी मी कधी पट्टीला बांधली ते माझं मलाच आठवत नाही.

पोरीला रागावू नकोस. तिनं तुझ्याचसाठी केलं. मीही तुझ्याचसाठी केलं.

मोठेपणानं पोटात घाल, एवढंच मागतो.

तुझा रंध्या

---

रविवार, ता. २४

रंध्या,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा घरात, एकदा शेडमध्ये टेबलापुढे उभी राहून.

आधी पोरीचं लिहिते, कारण ते खरं आहे आणि खरं मला लपवता येत नाही. परवा शुक्रवारी मी तिला म्हटलं की कर बघू ती बशीएवढी बिट लावून. तिनं वेग अगदी खाली आणला. बिट थोडीशीच वर काढली, फळी उजवीकडून डावीकडे नेली, परत थोडी वर काढली, परत नेली. एकदम खायला गेली नाही. लाकूड कुठं जळलं नाही, कुठं कड तुटली नाही. मी उतारावरून अंगठा फिरवला, पॉलिश पेपरची गरज नव्हती. मी काही बोलले नाही. तिला वाटलं असेल की मला आवडलं नाही. वाटू दे, सध्या मलाही तिला काय काय वाटतं ते कळत नाही.

मी तिला शिकवलं नाही असं लिहिलंस. नाही शिकवलं. माझ्या शेडमध्ये कुणी कधी काय शिकायचं ते मी ठरवते, त्याचा हिशेब तुला देणार नाही. ती शिकली ते चांगलं झालं. चोरून शिकली, त्याचं माझं मी तिच्याशी बघीन.

तिला शटरं करायची तर करू दे. कारखान्याची धमकी तिनं स्वतः दिली असती तर मी तिला तिथल्या तिथं उत्तर दिलं असतं. तुझ्या हातानं दिली म्हणून ती मला लागली.

पण तुझं ते एक वाक्य. आमच्या दोघांचं मत पडलं. मत काय पाल आहे का, आपोआप पडायला? माझ्या हातांबद्दल तुम्ही दोघं बसलात, चहा पीत बसला असाल, आणि मत पडलं. नखाचं तुला कोणी सांगितलं होतं? मीच. कशासाठी? मशीन निवडायला. तुकडा लहान, तळ मोठा, म्हणून कलंडतो, म्हणून टेबल दे, असं मी सरळ लिहिलं. डॉक्टरला दुखणं सांगावं तसं सांगितलं. तू औषध दुसऱ्याला दिलंस आणि माझ्या दुखण्याची दवंडी पिटलीस. ज्या कारणासाठी मी टेबल मागितलं, तेच कारण काढून तुम्ही मला टेबलापासून उठवलंत. असा केसानं गळा माझा फळीवालासुद्धा कापत नाही.

आणि मखमल लाव म्हणतोस! नवरा गेला तेव्हा ही शेड विकायला सांगणारे सगळे होते, तूही होतास. मी विकली नाही. हातानं पटाशी मारून पहिलं झाकण बसवलं, ते वाकडं होतं, तरी गिऱ्हाईकाच्या हातात दिलं. झाकण डब्यावर बसताना जो बारीकसा आवाज होतो, हवा बाहेर पडते तो, तेवढ्यासाठी मी सकाळी उठते. ती खाच मीच पाडली पाहिजे. दुसऱ्यानं पाडून दिलेल्या डब्याला मखमल लावायची तर मग मी दुकानात कामाला जाईन, तिथं बसायला खुर्ची तरी मिळते.

भेटवस्तूवाल्याची झाकणं मी काल पूर्ण केली. तुझ्या त्याच टेबलावर, खांदे कानाशी घेऊन. तुकडा हातानं धरला नाही, लाकडाच्या ठोकळ्याला चिकटवून ठोकळा ढकलला. शिडी दारात उभी राहून बघत होती. मध्ये आली नाही. मान मात्र अजून वळत नाही माझी.

आता मला एकच विचारायचं आहे, बाकी सगळं मी माझं बघून घेईन.

अक्कानं मशीनपुढे उभं राहू नये, हे आधी कोण बोललं? तू की ती?

मी तिला विचारलं. ती रडली आणि उठून गेली. रडण्याचा अर्थ दोन्हीकडे लागतो.

तुझं वाक्य असेल तर सोपं आहे. मग येत्या शुक्रवारी संध्याकाळी मी टेबलाच्या चारही पायांना करवत लावते आणि ते तिच्या-माझ्यामधल्या उंचीला आणते. तिला थोडं वाकावं लागेल, मला थोडं वर व्हावं लागेल, दोघी करू. कंत्राटदाराला मी स्वतः हो म्हणीन. तुझ्यावर मी रागावून राहीन, तशी मला सवय आहे.

तिचं असेल तर टेबलाच्या पायांना हात लावणार नाही. शनिवारी शेडची किल्ली तिच्या हातात देईन, कंत्राटदाराशी तीच बोलेल. माझ्या डब्यांसाठी मी मागच्या ओसरीत वेगळं टेबल करीन, माझ्या मापाचं, तुम्हा दोघांना न विचारता. पोटच्या पोरीनं माझे हात मोडीत काढले असतील तर त्या हातांनी मी तिच्या टेबलाशी मखमल लावत बसणार नाही.

तिला वाचवायला स्वतःवर घेऊ नकोस. आणि स्वतःला वाचवायला तिच्यावर ढकलू नकोस. खोटं लिहितोस तेव्हा तुझं अक्षर फार सुरेख येतं. सुतळी पडल्याचं पत्र मी पुन्हा काढून बघितलं, एक काना वाकडा नव्हता. या खेपेला मला घाणेरड्या अक्षरातलं पत्र पाहिजे.

मामीला म्हणावं तेल परत पाठवू नको, मालिश कर, पुढेमागे पाय खरंच मुरगळेल.

शुक्रवारी दुपारचं टपाल येतं तोवर वाट बघीन. एक ओळ पुरे, एक शब्दही पुरे. त्याच्या आत उत्तर पाठव. खाली ‘तुझी’ लिहायचं की नाही तेही मी तेव्हाच ठरवीन.

अक्का